सरपंच ते केंद्रीय मंत्री : विलासरावांना दिल्ली का मानवली नाही?

औसारोड
मागच्या महिन्यात आमचा पुतण्या सरपंच झाला. गाव अठराशे उंबऱ्यांचं नव्हे, अठराशे माणसांचं. पण सत्काराला फेटे, हलगी, जेसीबीतून फुलं, सगळं झालं. भाषणाला उठलेला प्रत्येक जण फिरून एकाच वाक्यावर यायचा, "विलासराव साहेबबी आधी सरपंचच होते की!" आमच्या लातूर जिल्ह्यात नव्या सरपंचाला हाच आशीर्वाद. नव्या नवरीला अष्टपुत्रा म्हणतात तसा.

रात्री झोप येईना म्हणून मनातल्या मनात उजळणी केली. विलासराव देशमुख १९७४ ला बाभळगावचे सरपंच. त्याच सुमारास उस्मानाबाद जिल्हा परिषदेचे सदस्य, लातूर पंचायत समितीचे उपसभापती. १९८० ला आमदार. १९८२ पासून मंत्रिमंडळात, मग १९९९ आणि २००४ असं दोनदा मुख्यमंत्रिपद. २००९ ते २०१२ केंद्रात तीन खाती: अवजड उद्योग, ग्रामविकास, विज्ञान-तंत्रज्ञान.

एकही पायरी न गाळता चढलेला माणूस. पण बाभळगावचे, लातूरचे, मुंबईचे विलासराव सांगा म्हटलं तर शेंबडं पोरही चार किस्से सांगेल, आणि दिल्लीचे विलासराव म्हटलं की आमच्याकडे सगळे गप्प. असं का? खालून वर आलेल्या माणसाला तिथं खालचं काही कामाला येत नाही का? की दिल्लीनं संधीच दिली नाही?

टीप: राजकीय धुळवड नको. (हे लिहून काही उपयोग नाही, माहीत आहे.)

झणझणीत
पॉपकॉर्न नको, शेंगा भाजून बसलोय. चालू द्या.

कोथरूडचा_काका
प्रश्न चांगला आहे, पण त्यात एक भाबडेपणा आहे. 'सरपंचापासून सुरुवात' म्हटलं की डोळ्यासमोर फाटकी चप्पल येते. बाभळगावच्या देशमुखांची गढी आहे हो. मुलगा पुण्यात गरवारे कॉलेजात शिकला, लॉ कॉलेजातून वकील झाला, मग गावी येऊन सरपंच. ही पहिली पायरी नव्हे, घरच्या ओसरीवरून अंगणात उतरणं.

शून्यापासून म्हणायचं तर सुशीलकुमार शिंदे. सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला, मग फौजदार, १९७४ ला करमाळ्यातून आमदार. आणि शेवटी देशाचे गृहमंत्री.

उदगिरी
काका, गढी होती म्हणून सरपंच झाले हे मान्य. पण गढ्या मराठवाड्यात गावोगाव हायत, आणि बहुतेकांच्या बुरुजावर आता बाभळी उगवल्यात. गढीतून बाहेर येऊन पारावर बसणं सगळ्यांना जमलं नाही. त्यांना जमलं.

निवृत्त_ग्रामसेवक
मी या खात्यात एकतीस वर्षं काढली, म्हणून दोन गोष्टी. (बाभळगावात नव्हतो. शेजारच्या तालुक्यात होतो.)

१९७४ चा सरपंच म्हणजे काय, हे आजच्या मंडळींना कळणार नाही. ७२ चा दुष्काळ नुकताच मागं पडलेला. लोकांच्या जिभेवर अजून सुकडीची चव. रोजगार हमीची कामं चालू, म्हणजे पाझर तलाव, बांधबंदिस्ती, खडी फोडणं. सरपंचाच्या हातात पैसा असा काही नव्हता. घरपट्टी वसूल झाली तर दिवाबत्तीचं बिल जायचं. त्याच्याकडं होती फक्त ओळख आणि जीभ. मस्टरवर कुणाचं नाव राहिलं, कुणाची मजुरी अडली, दोन भावांचा बांध कुठं फुटला, हे तहसीलदाराकडं जाऊन गोड बोलून सोडवून आणायचं. कागदानं सुटायला सहा महिने लागायचे, माणसानं एका दुपारी सुटायचं.

दुसरं म्हणजे तेव्हा सरपंच थेट लोकांतून निवडत नव्हते. आधी सदस्य व्हायचं आणि मग सदस्यांनी निवडायचं. म्हणजे सात-नऊ माणसं सतत सांभाळायची. एक रुसला तर अविश्वास. आघाडी सरकार म्हणजे तरी वेगळं काय असतं? थेट निवडणूक २०१७ ला आली, २०२० ला गेली, २०२२ ला परत आली. औसारोड, तुमचा पुतण्या थेट निवडून आला असेल तर त्याला हा सांभाळायचा सराव मिळणार नाही. चांगलं की वाईट ते तुम्ही ठरवा.

अनघड
ग्रामसेवक काका, दंडवत. प्रतिसाद जपून ठेवला आहे.

मतपेटी
+१. आणि सांभाळण्याचाच मुद्दा पुढे नेतो. जून २००२ आठवा. सरकार पडणार अशी हवा होती, आमदार बंगळुरूला नेऊन ठेवले होते आणि विश्वासदर्शक ठराव जिंकला गेला. तेव्हाचं विलासरावांचं सरकार म्हणजे काँग्रेस, राष्ट्रवादी, शेकाप, जनता दल, अपक्ष अशी गोधडी होती. ते जवळजवळ सव्वातीन वर्षं चालवणं ही नऊ सदस्यांच्या पंचायतीचीच मोठी आवृत्ती.

पण धागाकर्त्यानं एक पायरी गाळलीच आहे. खाली पडल्याची. १९९५ ला लातुरात सुमारे ३५ हजार मतांनी पराभव. नंतर विधान परिषदेला अर्ध्या मतानं हुकले. आणि १९९९ ला त्याच लातुरातून जवळजवळ ९१ हजारांचं मताधिक्य.

झणझणीत
अर्ध मत? कुणी अर्धवट बटण दाबलं होतं का?

मतपेटी
तेव्हा बटण नव्हतं, मतपत्रिका होती. :)

विधान परिषदेला आमदार पसंतीक्रमानं मत देतात. जागा एकापेक्षा जास्त असल्या की प्रत्येक मतपत्रिकेचं मूल्य १०० धरतात. एखाद्याला निवडून यायला लागणाऱ्या कोट्यापेक्षा जादा मतं पडली, तर ती जादाची मतं पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात, पण घटलेल्या मूल्यानं. म्हणून बेरजेत अपूर्णांक येतो आणि माणूस खरोखर अर्ध्या मतानं पडू शकतो. पहिल्या पसंतीचा हिशेब तोंडपाठ असणारे पुष्कळ. दुसऱ्या पसंतीत चुकतात ते पडतात.

वऱ्हाडी_ठेचा
कौतुक सोहळा आटोपला असेल तर बोलू का जी?

विलासरावांच्याच काळात आमच्याकडे शेतकरी रोज गळफास घेत होते. शेवटी १ जुलै २००६ ला पंतप्रधानांना स्वतः येऊन विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. सरपंच होते ना? शेतकऱ्याच्या घरात काय शिजतं, काय शिजत नाही, माहीत होतं ना? मग दिल्लीला का यावं लागलं?

आणि ग्रामसेवक काका म्हणतात तसं "गोड बोलून सोडवून आणायचं". हेच तर! सावकारीचं प्रकरण इथं कुणीच काढलं नाही. शेतकऱ्यांनी सावकाराविरुद्ध तक्रार दिली, सावकार सत्ताधारी आमदाराच्या घरातले, आणि मुख्यमंत्री कार्यालयातून पोलिसांना फोन. २०१० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं राज्य सरकारला १० लाखांचा दंड ठोठावला. हा दंड सरपंचकीचाच हो. 'आपला माणूस आहे, बघून घ्या.' गावात याला माणुसकी म्हणत असतील. आमच्याकडे ती गळ्याशी येते.

आणि पुढच्याच महिन्यात, म्हणजे जानेवारी २०११ ला, त्यांना खातं कोणतं मिळालं? ग्रामविकास!

निवृत्त_ग्रामसेवक
ठेचा, तुमचं बरोबर आहे. मी ज्याला कौशल्य म्हणालो त्याची ही दुसरी बाजू. आमच्याच पंचायतीत एक सरपंच होते, नाव नको. भांडण मिटवण्यात हातखंडा. पण मिटायचं नेहमी ज्याचं वजन जास्त त्याच्या बाजूनं. गरिबाला वाटायचं मिटलं, आणि रात्री कळायचं की बांध त्याचाच सरकला. मी तिथं सही करत होतो, म्हणून सांगतो.

सोनचाफा
वरचा प्रतिसाद वाचून थांबले थोडा वेळ.

मला ताजमहाल हॉटेलचा प्रसंगही तसाच वाटतो. २६/११ नंतर पाहणीला गेले आणि सोबत मुलगा आणि एक सिनेमा दिग्दर्शक. देश खवळला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खुर्ची गेली. टीव्हीवर लोक म्हणत होते की किती निर्लज्जपणा. मला तेव्हाही वाटलं होतं की हा निर्लज्जपणा नाही, सवय आहे. गावात कुठं आग लागली, विहिरीत कोण पडलं, तर सरपंच जाताना वाड्यावर जे कोण बसलेलं असतं ते सगळे गाडीत चढतात. "चला." कुणी विचारत नाही तू कशाला. पण ज्या हल्ल्यात दीडशेच्या वर माणसं मेली तिथं हा वाड्याचा रिवाज चालत नाही. हे त्यांना कळायला हवं होतं, आणि सात वर्षं मुख्यमंत्री राहिलेल्याला तर नक्कीच.

कोथरूडचा_काका
सवय म्हणून सोडून देऊ नका. पद मोठं झालं की सवयी बदलायच्या असतात.

सोनचाफा
काका, सोडून कुठे दिलं? खुर्ची गेली ती योग्यच होतं.

डबलिनकर
लातूरचा धागा आणि चाकूरकरांचं नाव नाही? माझं आजोळ चाकूर, म्हणून हा प्रतिसाद मोठा होणार.

शिवराज पाटील चाकूरकर लातूर नगरपालिकेचे नगराध्यक्ष होते, १९६७ च्या सुमारास. मग लातूरचेच आमदार. १९८० ला ते लोकसभेत गेले आणि रिकाम्या झालेल्या त्याच विधानसभा मतदारसंघातून विलासराव पहिल्यांदा आमदार झाले. म्हणजे एकानं शिडी सोडली आणि दुसऱ्यानं त्याच पायरीवर पाय ठेवला. पुढे चाकूरकर सलग सात वेळा खासदार, १९९१ ते ९६ लोकसभेचे अध्यक्ष. खात्यांशी जोडलेल्या संसदेच्या स्थायी समित्या त्यांच्याच काळात, १९९३ ला सुरू झाल्या. आज कुठलंही विधेयक 'समितीकडे पाठवा' म्हणतात ना, तो रस्ता तेव्हाचा. उत्कृष्ट संसदपटू पुरस्कारही त्यांच्याच काळातला.

आता मौज बघा. २००४ ला ते लातुरात लोकसभेला पडले, तरी राज्यसभेतून जाऊन देशाचे गृहमंत्री झाले. आणि २६/११ नंतर पंधरवड्याच्या आत लातूरच्या दोन्ही माणसांची पदं गेली. आधी ३० नोव्हेंबरला चाकूरकर, मागोमाग विलासराव. आजोबा म्हणायचे, लातूरवर शनी आलाय.

मुद्दा असा की नगरपालिकेतून आलेला माणूस दिल्लीत रमला. इतका रमला की लातूर म्हणायचं, साहेब आपले राहिले नाहीत, इंग्रजी पेपरातले झाले. विलासरावांचं उलट. म्हणजे प्रश्न खालून वर येण्याचा नाहीच, स्वभावाचा आहे. एकाला नियमांचं पुस्तक आवडायचं, दुसऱ्याला माणसं.

उदगिरी
चाकूरकरांच्या सफारीला इस्त्री कधी मोडली नाही, हेबी लिहा की. २००८ च्या दिल्लीतल्या स्फोटांच्या रात्री कपडे बदलले म्हणून देशभर बोंब झाली. आमच्याकडं लोक म्हणायले होते, ह्यात नवीन काय? ते आधीपासनं असेच हायत.

मतपेटी
@डबलिनकर, उत्तम. त्यात भर घालतो, आणि ही भर मूळ प्रश्नाच्या जवळ जाते.

२००८ ला मतदारसंघांची फेररचना झाली आणि लातूर लोकसभा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. म्हणजे २००९ ला विलासरावांना घरच्या मतदारसंघातून लोकसभा लढवायची सोयच राहिली नव्हती. ते राज्यसभेतून गेले. आता ज्याची सगळी ताकद 'माझ्या मागं एवढी माणसं आहेत' यात आहे, त्याला मतदारांशिवाय दिल्लीला पाठवलं तर तो काय करणार? मासा बादलीत.

खात्यांचंही तसंच. अवजड उद्योग म्हणजे भेलसारख्या सरकारी कंपन्या, त्यांचा कारभार त्यांची संचालक मंडळं बघतात. ग्रामविकास खातं खरं त्यांचं. मनरेगा आपल्या रोजगार हमीचीच लेक, आणि ७४ च्या सरपंचाइतकी ती कुणाला कळणार? पण ते मिळालं जानेवारी २०११ ला आणि गेलं जुलैत. जेमतेम सहा महिने. मग विज्ञान-तंत्रज्ञान आणि भूविज्ञान.

झणझणीत
म्हणजे हवामान खातं त्यांच्याकडं होतं?? तरीच त्या वर्षी पाऊस "बघू, करू, होऊन जाईल" म्हणत होता.

अनघड
झणझणीत, =)) =))

उदगिरी
ग्रामविकासावरनं आठवलं. गोपीनाथ मुंडे साहेबांनाबी शेवटी तेच खातं मिळालं. २६ मे २०१४ ला शपथ, ३ जूनला दिल्लीत अपघातात गेले. नऊ दिवसबी पुरते नाहीत. दोन दोस्त, एक काँग्रेसचा, एक भाजपचा. एकाचं गाव लातूरजवळ, दुसऱ्याचं परळीजवळ. मुंडे पहिल्यांदा आमदार झाले ते रेणापूरमधून, म्हणजे आता आमच्याच जिल्ह्यात असलेल्या गावातनं, आणि त्याच १९८० ला. दोघांची एका व्यासपीठावरची टोलेबाजी ज्यांनी ऐकली त्यांनी ऐकली. आता एकमेकाला टोमणा मारतानाबी लोक वकिलाला विचारतेत.

दोघांच्या हातात गावाचं खातं आलं आणि दोघांनाबी वेळ मिळाला नाही. लई वाईट वाटतं राव.

वऱ्हाडी_ठेचा
वाईट मलाही वाटते. पण तुमच्याकडं मांजरा कारखाना झाला, ऊस झाला, आणि एप्रिल २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे विसरू नका.

औसारोड
ठेचाभाऊ, ती रेल्वे मी स्वतः बघितली आहे, नळाला महिना महिना पाणी नसताना. स्टेशनवर पाण्याच्या वाघिणी बघायला गर्दी, जशी वरात आलीय. उसाचं म्हणाल तर घरचा आहेर घ्या: आमचाच तीन एकर ऊस होता तेव्हा, आणि प्यायला टँकर. पण कारखान्यानं वेळेवर बिल दिलं म्हणून आमची दोन पोरं शिकली, हेही तितकंच खरं. यावर वेगळा धागा काढा, मी येतो. इथं दिल्ली.

कोथरूडचा_काका
लातूर पॅटर्न, लातूरची रेल्वे, आता लातूरचा ऊस. धागा दिल्लीला निघाला होता, कुर्डूवाडीलाच थांबलाय.

सोनचाफा
काका, लातूर पॅटर्नचा तर इथं कुणी उल्लेखसुद्धा केला नव्हता!

कोथरूडचा_काका
होणारच होता. वेळ वाचवला.

नवा_गडी
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण त्यांनी लोकसभा का नाही लढवली?

मतपेटी
वाचा.

निवृत्त_ग्रामसेवक
दोन दिवस विचार करत होतो. दिल्लीचे विलासराव कुणालाच आठवत नाहीत असं धागाकर्ते म्हणतात. मला एक आठवतात.

ऑगस्ट २०११. रामलीला मैदान, अण्णांचं उपोषण, बारावा दिवस. सरकारकडून येईल त्या माणसावर कुणाचा विश्वास नाही. मोठे मोठे वकील-मंत्री चर्चा करून थकले. शेवटी पंतप्रधानांचं पत्र घेऊन व्यासपीठावर कोण गेलं? विज्ञानमंत्री! खात्याचा काडीचा संबंध नाही. पण समोर राळेगणचा माणूस आणि हा बाभळगावचा. अण्णांशी मराठीत बोलू शकेल, मान खाली घालून नमस्कार करू शकेल, आणि चार शिव्या पडल्या तर हसून घेईल असा तिथं तो एकच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उपोषण सुटलं.

मी टीव्हीसमोर बसून बायकोला म्हणालो, हे बघ, बांधाचं भांडण मिटवायला सरपंच आला.

डबलिनकर
ग्रामसेवक काका, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी तेव्हा रात्र रात्र जागून ते प्रक्षेपण बघत होतो. तरी एक शंका. मिटलं काय? लोकपाल कायदा झाला २०१३ च्या अखेरीला, आणि पहिला लोकपाल नेमला गेला २०१९ ला.

निवृत्त_ग्रामसेवक
भांडण मिटलं, बांध तिथंच. मी वर लिहिलंय ते त्याच्यासाठीच होतं.

वऱ्हाडी_ठेचा
काका, मानलं तुम्हाला.

अनघड
मला उलटा प्रश्न पडला आहे. विलासरावांनी जिथून सुरुवात केली ती जागा तरी शिल्लक आहे का? २०२२ नंतर कित्येक जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक होते. निवडणुकाच नाहीत. म्हणजे पंचायत समितीचा उपसभापती व्हायच्या वयातली एक अख्खी पिढी घरी बसून फलकांवर वाढदिवस साजरे करत राहिली. सभागृहात कधी हरलीच नाही, कुणाचा रुसवा काढला नाही, अर्ध्या मतानं पडली नाही. आणि उद्या एकदम आमदारकीचं तिकीट मागणार.

उदगिरी
आणि मिळणारबी. वडलांचं नाव असलं की झालं. तरी न्यायानं सांगतो, धाकट्या धीरज देशमुखांना आधी जिल्हा परिषदेतच उतरवलं होतं, २०१७ ला. त्याच वर्षी लातूर महापालिकेत भाजपची शून्यावरनं ३६ वर झेप. ज्या शहरात साहेबांच्या शब्दाशिवाय पान हलत नव्हतं तिथं!

कोथरूडचा_काका
पान हलत नव्हतं म्हणू नका, १९९५ ला झाड हललं होतं. वर मतपेटीनं लिहिलंय.

उदगिरी
हां, ते राहिलंच.

झणझणीत
औसारोड, पुतण्याचं काय म्हणणं आहे? धागा त्याच्यामुळे, आणि त्यालाच कुणी विचारलं नाही.

औसारोड
काल रात्री विचारलं. धाग्याचा दुवाही पाठवला. ग्रामसेवक काकांचे प्रतिसाद तरी वाच म्हटलं. सकाळी फोन आला, "काका, ते नंतर वाचतो. पाणीपुरवठ्याची मोटर जळलीय, गावात बोंब चालूय, आणि रिवाइंडिंगवाला लातूरहून यायला तयार नाही. तुमच्या ओळखीचा कुणी आहे का तिथं?"

बार्शी रोडचा एक आहे ओळखीचा. त्याला फोन लावतो, मग येतो परत.